बावन्न पानांचे पाठांतर

पत्त्यांच्या जादूचा इतिहास हा व्याख्यानाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. ज्या व्यासपीठावरून साम्राज्यांचे उदयास्त ऐकावयाचे, तेथे कोणी पत्त्यांचा कॅट घेऊन उभा राहिला, तर वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडणे साहजिक आहे. पत्ते म्हणजे आपल्या लेखी रिकामपणाचा उद्योग. फार तर मे महिन्याच्या सुट्टीतील दुपारचा. पण आमचे म्हणणे असे, की माणसाच्या स्मरणशक्तीची परीक्षा या बावन्न पानांवर जितक्या कठोरपणे झाली आहे, तितकी ती फार थोड्या ठिकाणी झाली असेल. पाठांतर चांगले की वाईट, हा वाद तर आपल्या घराघरांत आणि शाळाशाळांत चालतो. त्या वादाला काही उजेड या अनपेक्षित दिशेने मिळतो, म्हणून हा विषय घेतला आहे.

प्रथम मूळ प्रश्न समजावून घेऊ. जादूगार समोरच्या गृहस्थांना म्हणतो, "कोणत्याही एका पानाचे नाव सांगा." गृहस्थ सांगतात, "बदामची तिर्री." जादूगार हातातील कॅट एकदा सहज काटतो, चार शब्द बोलतो, वरची दोन पाने बाजूला ठेवतो आणि तिसरे उलटतो. ती बदामची तिर्री असते. त्याने पाने चाळली नाहीत, शोधाशोध केली नाही. कोणतेही पान सांगण्याची मोकळीकही पुरती होती. यामागील पहिले गुपित सांगावयास हरकत नाही, कारण ते शेकडो वर्षे छापील पुस्तकांतून उपलब्ध आहे. कॅट एका ठरावीक क्रमाने लावलेला असतो आणि तो क्रम जादूगाराला तोंडपाठ असतो. बावन्न पाने एकामागून एक मांडण्याचे जितके प्रकार संभवतात, त्यांची संख्या ६८ आकडी आहे. त्यांतला एकच क्रम त्याने आपला म्हणून निवडलेला असतो.

परंतु हे झाले अर्धे उत्तर. बदामची तिर्री अठ्ठाविसावी आहे हे ठाऊक असणे वेगळे आणि त्या अठ्ठाविसाव्या पानापर्यंत कोणाला न कळता पोहोचणे वेगळे. पहिले काम डोक्याचे, दुसरे हाताचे. या दोहोंमध्ये जो क्षणभराचा अवकाश आहे, तेथे जादू टिकते किंवा फसते. पत्त्यांच्या या विद्येचा इतिहास म्हणजे तो अवकाश हळूहळू कमी कसा होत गेला, याचा इतिहास होय.

स्थानावरून वस्तू ओळखण्याची कला फार जुनी आहे. ग्रीक कवी सिमोनिडीस याची एक कथा रोमन वक्ता सिसेरो याने सांगितली आहे. मेजवानी चालू असता सिमोनिडीसला कोणी बाहेर बोलावले. तेवढ्यात मागे दालनाचे छप्पर कोसळून सर्व पाहुणे चिरडले गेले. प्रेते ओळखू येईनात. तेव्हा कोण कोठे बसला होता हे आठवून त्याने प्रत्येकाची ओळख पटविली. यावरून पाश्चात्त्य वक्त्यांनी एक शास्त्रच उभे केले: ओळखीच्या घरातील जागा मनात क्रमाने मांडावयाच्या आणि भाषणातील एकेक मुद्दा एकेका जागेवर ठेवावयाचा. आपल्या जादूगाराचे घर बावन्न खोल्यांचे आहे, इतकाच काय तो फरक.

युरोपात पत्ते चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागतात. त्यांच्या जादूचे लिखित पुरावे मात्र बरेच पुढचे. १५८४ साली इंग्लंडात रेजिनाल्ड स्कॉट याने चेटूकविद्येचा समाचार घेणारा एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा हेतू गंभीर होता. चेटकिणी म्हणून त्या काळी निरपराध स्त्रियांना फासावर चढविण्यात येत असे. माणसे ज्याला सैतानाचे काम समजतात, त्यांतले किती तरी केवळ हातचलाखीचे असते, हे दाखवावे म्हणून त्याने ग्रंथाच्या एका भागात गोट्यांचे, नाण्यांचे आणि पत्त्यांचे खेळ उलगडून सांगितले. त्यात तळाचे पान गुपचूप पाहून ठेवायचे आणि पिसण्याच्या सोंगात ते पुन्हा तळाशी आणायचे, अशी एक युक्ती आहे. म्हणजे त्या वेळचा जादूगार एकच पान लक्षात ठेवीत होता. बाकीची एक्कावन्न त्याला परकी होती.

यानंतर नऊच वर्षांनी, १५९३ मध्ये, व्हेनिस येथे होराशियो गलास्सो याची पत्त्यांच्या खेळांची पुस्तिका निघाली. तिच्या नावातच हे खेळ नियमाचे आणि स्मरणाचे आहेत, असे म्हटलेले आहे. नियम आणि स्मरण! पुढच्या चार शतकांतील दोन पंथ या दोन शब्दांत आधीच दिसतात. पाने लावून ठेवावयाची हे दोन्ही पंथांना मान्य. परंतु त्यांचा क्रम एखाद्या नियमाने बांधावा की नियमाशिवाय नुसता पाठ करावा, हा वाद.

प्रथम नियमाचा पंथ प्रबळ ठरला. १६१२ साली पोर्तुगालमध्ये गास्पार कार्दोझो द सिकेरा याने आपल्या ग्रंथात एक चक्राकार मांडणी दिली. त्याच जातीची मांडणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सी स्टेबिन्स हे रंगभूमीवरील नाव घेणाऱ्या जादूगाराने लोकप्रिय केली. तिचा नियम शाळकरी मुलालाही समजेल. प्रत्येक पान मागच्यापेक्षा तीनने मोठे, आणि किलवर, बदाम, इस्पिक, चौकट हा रंगांचा फेरा. किलवरचा एक्का, मग बदामची चौकी, मग इस्पिकची सत्ती, मग चौकटची दश्शी, मग किलवरचा राजा; राजा तेरा धरला की तीन मिळवून सोळा, तेरा वजा करून तीन, म्हणून पुढे बदामची तिर्री. अशी साखळी बावन्न पाने फिरून पुन्हा पहिल्या पानाला मिळते. कॅट कितीही वेळा काटला तरी साखळी तुटत नाही. तळाचे पान दिसले की वरचे कोणते हे हिशेबाने कळते. दर तेराव्या पानानंतर तोच आकडा पुढच्या रंगाने येतो, म्हणून सांगितलेले पान कितवे हेही काढता येते.

सोय मोठी खरी. पण सोयीला दोन दोष होते. पहिला दोष डोळ्यांना दिसणारा. पाने पसरली की काळे, तांबडे, काळे, तांबडे असा पट्टा उमटतो, आणि चौकस प्रेक्षकाला काहीतरी पाणी मुरते आहे असा संशय येतो. दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. पुढचे पान कोणते हे काढणे सोपे, पण सांगितलेले पान कितवे हे काढावयास मनात बेरीज-वजाबाकी करावी लागते. ती करताना माणसाची नजर स्थिर होते, वाक्य मध्येच थांबते, चेहऱ्यावरचे हसू क्षणभर गोठते. प्रेक्षकाला हिशेब कळत नाही. परंतु समोरचा माणूस आपल्याशी बोलता बोलता आत कोठेतरी गेला, हे त्याला नेमके कळते.

स्मरणाच्या पंथाचा अडसर वेगळा होता. अर्थ नसलेला क्रम लक्षात राहावा कसा? त्याचे उत्तर जादूगारांनी दिले नाही. ते स्मरणशास्त्राकडून आयते आले. सतराव्या शतकापासून युरोपात अंकांना अक्षरे देण्याच्या पद्धती निघू लागल्या आणि एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील एमे पारी याने त्यांना आज प्रचलित असलेले रूप दिले. व्यंजनांना अंक द्यावयाचे, स्वरांना किंमत नाही, आणि अंकांचे शब्द करून त्यांची चित्रे मनात उभी करावयाची. डव्ह म्हणजे पारवा; ड म्हणजे एक, व्ह म्हणजे आठ; म्हणून पारवा दिसला की अठरा. आपल्या श्रोत्यांना ही कल्पना नवी वाटू नये. आपल्याकडील ज्योतिषी-गणिती हेच काम 'कटपयादि' पद्धतीने युरोपच्या किती तरी आधी करीत होते. केरळात सातव्या शतकातील हरिदत्ताने ती आपल्या ग्रंथात वापरलेली आहे. तीत ज म्हणजे आठ, य म्हणजे एक, आणि अंक उजवीकडून डावीकडे वाचावयाचे. म्हणून 'जय' या शब्दाची संख्या अठरा. एका पद्धतीने दुसरीपासून उसने घेतले असे समजण्याचे कारण नाही. आकडा निसटतो आणि शब्द चिकटतो, हा अनुभवच दोन्हीकडे सारखा आहे.

ही अक्षरपद्धती घेऊन इंग्लिश जादूगार लुई निकोला याने १९२७ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. एक ते बावन्न या प्रत्येक स्थानाला एक शब्द, प्रत्येक पानाला एक शब्द, आणि दोहोंना जोडणारे एक विचित्र चित्र. क्रमात नियम नाही, त्यामुळे पाने पसरली तरी मांडणी उघडी पडत नाही. १९३७ मध्ये जाँ ह्यूगार्ड यांनी संपादिलेल्या पत्त्यांच्या खेळांच्या कोशात ही पद्धत समाविष्ट झाली आणि हौशी मंडळींच्या हाती पोहोचली. एक पान लक्षात ठेवणाऱ्या स्कॉटच्या काळापासून बावन्न पानांच्या पाठांतरापर्यंतचा प्रवास असा साडेतीन शतकांचा आहे.

पण येथेच खरी अडचण सुरू होते, आणि आमच्या मते या इतिहासाचे मर्मही येथेच आहे. निकोलाच्या शिष्याला बदामची तिर्री म्हटल्यावर काय करावे लागे? पानावरून शब्द, शब्दावरून चित्र, चित्रातला दुसरा शब्द, आणि त्या शब्दावरून आकडा. चार पायऱ्या! हिशेब टळला, पण चढण राहिलीच. म्हणून ज्यांनी ही विद्या खरोखर आत्मसात केली, त्यांनी या पायऱ्या कालांतराने काढून टाकल्या. कमान बांधताना खाली लाकडी आधार देतात आणि चुना आवळला म्हणजे तो काढून घेतात. आधार कायमचा ठेवला, तर कमानीखालून जाता येणार नाही.

याचा पडताळा आपल्या पाढ्यांत मिळतो. सात सक किती असे विचारल्यावर एखादा मुलगा 'सात एके सात'पासून सुरुवात करतो आणि धावत धावत बेचाळीसला पोहोचतो. त्याला पाढा येतो काय? येतो, पण तो त्याच्या हाताशी नाही. दुसरा मुलगा एकदम बेचाळीस म्हणतो. आणि बेचाळीस म्हटल्याबरोबर ज्याला सात सक आणि सहा साते दोन्ही सुचतात, त्याचा पाढा दोन्ही बाजूंनी उघडा आहे. पावकी, निमकी, दिडकी, औटकी मुखोद्गत असलेले जुने दुकानदार माप ओतता ओतता पैसे सांगत, आणि गिऱ्हाइकाशी चाललेली बोलणीही तुटू देत नसत. जादूगाराला हेच साधावयाचे असते. अठ्ठावीस म्हटले की बदामची तिर्री, आणि बदामची तिर्री म्हटली की अठ्ठावीस; मध्ये काही नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोघांनी ही विद्या नव्याने उभी केली. शिकागोचे वकील सायमन ॲरॉन्सन (१९४३–२०१९) यांनी १९७९ मध्ये आपला क्रम प्रसिद्ध केला. दुसरे माद्रिदचे हुआन तमारिझ. त्यांचा 'नेमोनिका' हा ग्रंथ स्पॅनिशमध्ये २००० साली आणि इंग्रजीत २००४ साली आला. ग्रीकांची स्मृतिदेवता नेमोसिनी ही साऱ्या कलादेवतांची माता मानली जाते. ग्रंथाच्या नावाचे मूळ त्याच शब्दकुळात आहे. तमारिझ यांचा क्रम दिसावयास अगदी विस्कळीत, पण नव्या कोऱ्या कॅटमधून काही अचूक पिसण्या आणि थोडे फेरफार यांनी तो तयार करता येतो.

या अचूक पिसण्यांची गोष्ट थोडक्यात सांगितली पाहिजे. कॅटचे सव्वीस-सव्वीस पानांचे दोन भाग करून एकाआड एक पान तंतोतंत विणले, की तिला 'फॅरो' म्हणतात. वरचे पान वरच राहील अशा आठ विणींनी सारा कॅट मूळ क्रमावर येतो. वरचे पान दुसरे होईल अशी विणही करता येते. १९५७ मध्ये ब्रिटिश जादूगार ॲलेक्स एल्म्स्ली यांनी दाखविले, की या दोन विणी योग्य क्रमाने केल्या तर सर्वांत वरचे पान हव्या त्या जागी नेता येते. त्याच्या वर अठरा पाने हवी असतील, तर पाच विणी पुरतात: पहिली आणि चौथी आतली, बाकीच्या तीन बाहेरच्या. वरच्या पानाच्या डोक्यावर मग क्रमाने एक, दोन, चार, नऊ आणि अठरा पाने येतात. पुढे १९८३ साली पर्सी डायकॉनिस, रोनाल्ड ग्रॅहम आणि विल्यम कँटर या गणितज्ञांनी अचूक पिसण्यांवर शोधनिबंध लिहिला. त्यांपैकी डायकॉनिस चौदाव्या वर्षी घर सोडून एका जादूगाराबरोबर फिरतीवर गेले होते आणि पुढे विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक झाले.

आता त्या अवकाशाकडे वळू. पान कितवे हे कळले; हात तेथे जावा कसा? मोजत जाण्याची सोय नाही. येथे जादूगाराने एक मोठी शहाणी सवलत स्वतःला दिली आहे. त्याने अचूक काटण्याचा हट्ट सोडला. तमारिझ यांच्या क्रमातलेच उदाहरण घेऊ. बदामची तिर्री अठ्ठाविसावी. जादूगार बोटांच्या अंदाजाने निम्म्याच्या आसपास काटतो आणि वरचा भाग खाली घालतो. कॅट सरळ करताना त्याची नजर तळाच्या पानावर ओझरती पडते. तेथे चौकटची पंजी दिसते. चौकटची पंजी पंचविसावी, हे त्याला मुखोद्गत आहे. तेव्हा सव्विसावे पान वर आले, आणि हवे असलेले पान वरून तिसरे. आता दोन पाने सहज बाजूला ठेवून तिसरे उलटावे, की आणखी दोन पाने हलक्या हाताने तळाशी सरकवून ते सर्वांत वर आणावे, हा मर्जीचा प्रश्न. अंदाज चुकला तरी चालते, कारण चूक किती हे तळाचे पानच सांगते. बावन्नही पाने मैलाच्या दगडांसारखी आहेत. कोणत्याही दगडापाशी उतरा, गाव किती लांब ते त्यावर लिहिलेले आहे.

सराव अर्थातच लागतो. दहा, वीस, सव्वीस पानांची जाडी बोटांना कळावी म्हणून रोज काटून मोजून पाहावे लागते. तळाच्या पानाकडे पाहावयाचे ते समोरच्याला प्रश्न विचारून, त्याची दृष्टी आपल्या चेहऱ्याकडे आली असता. घाई करावयाची नाही. घाई हीही एक प्रकारची कबुलीच असते. आणि कित्येकदा उत्तम उपाय म्हणजे हातच न हलविणे. सांगितलेले पान वरून पाचवे असेल, तर पाच पाने वाटून दाखवावीत. तळाशी असेल, तर कॅट नुसता उलटावा. जसे पान, तसा शेवट! आयत्या वेळी सुचेल तसे वाजविणाऱ्या अमेरिकन वादकांच्या संगीतावरून पाश्चात्त्य जादूगार या पद्धतीला 'जॅझ' म्हणतात. आपल्याकडे ख्याल गाणाऱ्याला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. राग पक्का असल्याखेरीज उपज सुचत नाही. इंग्लंडचे डेव्हिड बर्ग्लस (१९२६–२०२३) हे एका प्रेक्षकाने सांगितलेले पान दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर दाखवीत आणि त्यासाठी जगभर नावाजले गेले.

आता मूळ वादाकडे येऊ. पाठांतराचे वैरी म्हणतात, की अर्थ न कळता घोकलेले ओझे डोक्यात कशाला? आज तर प्रत्येकाच्या खिशात असे यंत्र आहे, की जे हवे ते क्षणात शोधून देते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बावन्न पानांच्या क्रमात स्वतःचा असा काहीच अर्थ नाही. तो पुस्तकात छापलेला आहे आणि कोणीही विकत घेऊ शकतो. तरीही ते पुस्तक खिशात ठेवून ही जादू होत नाही. पुस्तक उघडावयास जादूगाराला समोरच्या माणसाकडे पाठ फिरवावी लागेल, आणि पाठ फिरविली की खेळ संपला. उलट पाठांतराच्या भक्तांनाही हा इतिहास बजावतो, की पहिल्या पानापासून म्हणत गेल्याशिवाय ज्याला अठ्ठाविसावे आठवत नाही, त्याचे पाठांतर प्रेक्षकांसमोर तितकेच निरुपयोगी आहे. स्तोत्र मध्येच अडले की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करणारे आपण सर्वच जण ही स्थिती ओळखतो.

तेव्हा प्रश्न किती पाठ केले हा नाही. त्यातले किती हाताशी आहे हा आहे. वैद्याने औषधाचे प्रमाण शोधण्यासाठी पुस्तक पाहावे की नाही? अवश्य पाहावे, तेथे चुकीची किंमत मोठी आहे. पण रोग्याच्या चेहऱ्याकडे पाहता पाहता जे सुचले पाहिजे, ते पुस्तकात असून भागत नाही. वकिलाचे उलटतपासणीत तेच, शिक्षकाचे वर्गात तेच. जे अंगी मुरले, तेवढ्यापुरतेच त्यांचे लक्ष समोरच्या माणसासाठी मोकळे राहते. मुलांना काय पाठ करावयास लावावे हे ठरविताना हीच कसोटी आम्हांस योग्य वाटते: ज्या गोष्टीसाठी समोरच्या माणसावरून नजर काढून चालणार नाही, ती पाठ हवी, आणि ती हव्या त्या ठिकाणाहून उघडता येईल इतकी पाठ हवी. बाकीच्या गोष्टींसाठी ग्रंथालये आहेत आणि यंत्रेही आहेत.